रेघ मारायचीच, पण शेवटी : पुराचं नियोजन, पैशाचं वाटप आणि फझी गणित

एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६६ मिलिमीटर पाऊस पडला तर सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. शेजारच्या मंडळात ६३ पडला तर तो नुसता पाऊस. दोन मंडळांच्या मधल्या बांधावर उभं राहिलं तर दोन्हीकडचं सोयाबीन सारखंच आडवं झालेलं दिसतं. पण एकीकडे पंचनाम्याची हालचाल सुरू होते आणि दुसरीकडे ‘तुमचं मंडळ बसत नाही’ असं उत्तर मिळतं. मधली रेघ ६५ मिलिमीटरची.

अशा रेघा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पीक नुकसानीच्या मदतीसाठी ३३ टक्क्यांची रेघ आहे. ती आधी ५० टक्क्यांवर होती, २०१५ मध्ये खाली आणली. टंचाईच्या सवलतींसाठी पैसेवारीची, म्हणजे गावात पीक नेहमीच्या मानाने रुपयातले किती पैसे आलं त्या मापाची, ५० पैशांची रेघ आहे. गंमत म्हणजे त्या पैसेवारीचा पहिला आकडा ‘नजरअंदाज’ असतो. नजरेने अंदाज घ्यायचा, त्याचा आकडा करायचा आणि मग त्या आकड्याला पैशापैशापर्यंत खरं मानायचं. ४९ पैसे निघाले तर सवलती, ५१ निघाले तर नाहीत.

रेघांची टिंगल करायचा हेतू नाही. सरकारी पैसा वाटायचा तर नियम लागतो, उद्या लेखापरीक्षणाला उत्तर द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की रेघ मारायची वेळ चुकते. आपण ती अगदी सुरुवातीला मारतो आणि त्यामुळे हातात आलेली निम्मी माहिती तिथेच टाकून देतो. ती माहिती शेवटपर्यंत सोबत न्यायची आणि निर्णयाच्या क्षणी एकदाच रेघ मारायची, यासाठीचं जे गणित आहे त्याला फझी पद्धती म्हणतात. फझी म्हणजे धूसर, कडा पुसट असलेला. निर्णय धूसर नसतो, तो घेण्यासाठी वापरलेले शब्द धूसर असतात.

आपल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायची गरज नाही, कारण त्याच्याकडे ‘वापसा’ हा शब्द आहे. पाऊस थांबल्यावर रान ओलंही नाही आणि कोरडंही नाही अशी जी अवस्था येते, ती वापसा. मूठभर माती घ्यायची, दाबायची. लाडू वळला पण बोटाने ढकलताच भुगा झाला, तर वापसा आला. लाडू तसाच राहिला तर अजून थांबा. एखादा म्हणतो, ‘वरच्या पट्टीत वापसा आलाय, खाली अजून पुरता नाही.’ हा ‘पुरता नाही’ म्हणजेच फझी गणिताचा गाभा. एखादी गोष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच न म्हणता ‘किती आहे’ ते ० ते १ मधल्या आकड्याने सांगायचं. वरच्या पट्टीत ०.९, खालच्या पट्टीत ०.५.

हा विचार गणितात रीतसर मांडला लोत्फी झादेह यांनी. जन्म बाकूचा, नोकरी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. १९६५ मध्ये त्यांचा फझी संचांवरचा लेख आला. बरीच वर्षं अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, जपानने मात्र घेतली. तिथल्या सेंदाई शहरात १९८७ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे ब्रेक आणि वेग फझी नियमांवर चालवले गेले. त्याच सेंदाईत २०१५ मध्ये आपत्तीचा धोका कमी करण्याचा जागतिक आराखडा ठरला, आणि भारताचं आपत्ती धोरण आज त्याचा हवाला देतं. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

सांगलीचा पूल

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येऊ. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती.

समजा पाणी ४३ फुटांवर आहे. रेघेच्या हिशेबाने इशारा ओलांडलाय, धोका आलेला नाही. फझी हिशेबाने ‘धोक्याचं पाणी’ हा एक चढ मानायचा : ४० फुटांना ०, ४५ फुटांना १, मध्ये सरळ चढत जाणारी रेषा. ४३ फूट म्हणजे ०.६. पाणी साठ शतांश धोक्याचं आहे.

इथे बहुतेक जण गोंधळतात, म्हणून जरा थांबतो. हा ०.६ म्हणजे ‘पूर येण्याची शक्यता ६० टक्के’ नव्हे. आंब्याचं घ्या. बंद पेटी समोर आहे आणि कोणी म्हणालं, ‘यातला कुठलाही आंबा उचला, पिकलेला निघण्याची शक्यता ६० टक्के.’ ही झाली संभाव्यता. उचलेपर्यंत माहीत नाही, उचलला की प्रश्न मिटला. दुसरीकडे पाडाला लागलेला आंबा तुमच्या हातात आहे, देठाजवळ पिवळा, खाली हिरवा. तो ०.६ पिकलेला आहे. तो सगळ्या बाजूंनी पाहिला, नाकाला लावला, तरी ०.६ च राहतो, कारण तो आहेच तसा. पूर येईल की नाही हा पहिल्या जातीचा प्रश्न, तो हवामान खात्याचा. आत्ताचं पाणी, आत्ताचा रस्ता, आत्ताची गावाची तयारी ‘किती वाईट’ हा दुसऱ्या जातीचा. नियोजनाला दोन्ही लागतात.

नुसत्या पातळीवर कोणी गाव हलवत नाही. जुनी माणसं तीन-चार गोष्टी एकदम बघतात. पाणी चढतंय की स्थिर आहे? वर कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरला काय चाललंय? अंधार पडायला किती वेळ आहे? त्यांचे नियमही शब्दांतच असतात. ‘पाणी धोक्याचं आणि वर पाऊस जोराचा, तर लगेच हला.’ ‘पाणी भराभर चढतंय आणि रात्र जवळ आली, तर लगेच हला.’ ‘पाणी धोक्याचं पण वरचा पाऊस ओसरला, तर तयारीत राहा.’

फझी पद्धती हे नियम जसेच्या तसे उचलते. इब्राहिम ममदानी यांनी लंडनमध्ये १९७० च्या दशकात वाफेच्या इंजिनावर हेच केलं : चालवणाऱ्या माणसाचे ‘जरा जास्त’, ‘बरंच कमी’ असे शब्द घेतले आणि यंत्राला शिकवले. रीत अशी की नियमात ‘आणि’ असेल तिथे दोनातला कमी आकडा धरायचा, आणि एकाच निर्णयाकडे नेणारे दोन नियम असतील तर त्यातला जास्त धरायचा.

आपलं उदाहरण चालवून बघू. पाणी धोक्याचं ०.६. वर पाऊस जोराचा ०.९. पहिल्या नियमाने ‘लगेच हला’ला मिळाले ०.६. पाणी भराभर चढतंय ०.८, रात्र जवळ ०.७. दुसऱ्या नियमाने ०.७. दोन्हींतला मोठा धरला, ‘लगेच हला’ ०.७. तिसऱ्या नियमात पाऊस ओसरल्याचा आकडा ०.१ च आहे, म्हणून ‘तयारीत राहा’ला मिळाले ०.१. ४५ फुटांची रेघ अजून दोन फूट लांब आहे, पण पारडं उघड झुकलंय. शेवटी ‘०.६५ च्या वर गेलं की भोंगा वाजवायचा’ अशी रेघ मारावीच लागते. फरक एवढाच की ती एका खांबावरच्या आकड्यावर न मारता सगळं जमेला धरून मारली.

बोट की भिंत

धोक्याच्या रात्री काय करायचं हा प्रश्न तुलनेने सोपा. अवघड प्रश्न येतो आधीच्या डिसेंबर-जानेवारीत, नदीपात्रात माणसं चालत जातात तेव्हा, बैठकीच्या खोलीत. पैसे इतके आहेत, मागण्या त्याच्या पाचपट आहेत, कशावर घालायचे?

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये, जिथे येरळा कृष्णेला मिळते, तिथे पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्यानंतर बोटींचं महत्त्व कोणाला समजवावं लागत नाही. पण बोटी घेतल्या म्हणजे संरक्षक भिंत मागे पडते, भिंत घेतली तर निवाऱ्याची शेड मागे पडते.

पैशाच्या डब्यांनाही रेघा आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे वाटे पाडून दिले : ८० टक्के आपत्ती आल्यावरच्या कामांना आणि तयारीला, २० टक्के आपत्तीची धार आधीच कमी करणाऱ्या कामांना. त्या ८० मध्ये पुन्हा ४० मदतकार्याला, ३० पुनर्बांधणीला, १० पूर्वतयारीला. बोटी एका डब्यातल्या, भिंत दुसऱ्या डब्यातली. त्यामुळे होतं काय, की दोघांची एकमेकांशी तुलनाच कोणी करत नाही. ज्या डब्यात शिल्लक आहे त्या डब्यातलं काम निघतं. माझ्या मते क्रम उलटा हवा : आधी गरज तोलायची, मग ती कुठल्या लेखाशीर्षात बसते ते बघायचं.

तर तोलू या. गाव काल्पनिक, आकडे समजण्यापुरते. तिघांना विचारलं, ‘या कामाने जीव किती वाचतील?’ उत्तरं शब्दांतच मागितली : कमी, मध्यम, जास्त, फार जास्त. दहापैकी किती, असा आकडा मागितला की माणूस काहीतरी ठोकून देतो. शब्द मागितला की तो विचार करतो. प्रत्येक शब्दाला एक तिकडी दिली, म्हणजे कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त. कमी म्हणजे १-३-५, मध्यम ३-५-७, जास्त ५-७-९, फार जास्त ७-९-१०. शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरतात, आणि तसे ते शिरायलाच हवेत. एकाचा ‘मध्यम’ दुसऱ्याचा ‘जास्त’ असतो.

बोटींबद्दल तलाठी म्हणाले जास्त, आपदा मित्र (आपत्तीत मदतीचं प्रशिक्षण घेतलेला स्थानिक स्वयंसेवक) म्हणाला जास्त, अभियंता म्हणाले मध्यम. भिंतीबद्दल तलाठी म्हणाले फार जास्त, अभियंता म्हणाले फार जास्त, आणि आपदा मित्र म्हणाला कमी.

नेहमीची सरासरी काढली तर मधल्या आकड्यांवरून बोटींना ६.३३ आणि भिंतीला ७. भिंत जिंकली, बैठक संपली, चहा आला. फझी पद्धतीत तिघांची मिळून एक तिकडी करतात : सगळ्यांतलं खालचं टोक, मधल्यांची सरासरी, सगळ्यांतलं वरचं टोक. बोटी झाल्या ३–६.३३–९. भिंत झाली १–७–१०. आता भिंतीचा मधला आकडा मोठा आहे, पण तिचा एक पाय थेट १ वर टेकलाय. तिन्ही टोकांची सरासरी घेतली तर बोटी ६.११, भिंत ६. निकाल फिरला.

मात्र इथे हुरळून जायचं नाही. ६.११ आणि ६ मध्ये उन्नीस-बीसचाही फरक नाही. या आकड्याने बोटी जिंकल्या असं जाहीर करणं म्हणजे पुन्हा ४९ आणि ५१ पैशांचाच खेळ. या गणिताने दिलेली खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. भिंतीची तिकडी एवढी पसरट का? कोणीतरी ‘कमी’ म्हणालंय. का म्हणालंय? विचारलं तर आपदा मित्र सांगतो, ‘पाणी नदीकडून येतच नाही आधी. मागच्या ओढ्यातून फुगवट्याने येतं. भिंत पुढे बांधाल आणि गाव मागून बुडेल.’ सरासरीने हा माणूस पुसून टाकला होता. तिकडीने त्याला खुर्चीवर बसवलं.

जीव वाचण्याखेरीज इतरही कसोट्या असतात : खर्च, काम किती लवकर उरकेल, पुढची देखभाल कोण करणार. (देखभालीचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात जास्त नडतो. बोट घेतली, इंजिन दोन वर्षं पाण्याला लागलं नाही, ऐन वेळी सुरू होईना, हे चित्र कुणालाही ओळखीचं वाटेल.) कोणत्या कसोटीला किती वजन द्यायचं हे ठरवायला थॉमस साटी यांची जोड्या लावण्याची रीत वापरतात : एका वेळी दोनच कसोट्या समोर ठेवायच्या आणि विचारायचं, हिच्यापेक्षा ती किती महत्त्वाची? अनेकांनी या रीतीला फझी जोड दिली. खुद्द साटी यांना ती पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं असं की माझ्या रीतीत माणसाच्या मताचा सैलपणा आधीच धरलेला आहे, त्यावर आणखी धूसरपणा कशाला. हा वाद अजून मिटलेला नाही.

वजनं ठरल्यावर सगळ्या कामांचा क्रम लावायला ‘टॉप्सिस’ नावाची रीत बरीच चालते. नाव भारदस्त आहे, काम आपल्या घरात रोज चालतं. स्थळं बघताना वडीलधारी मनात एक सर्वगुणसंपन्न स्थळ धरतात आणि एक अगदीच टाकाऊ. आलेलं प्रत्येक स्थळ पहिल्यापासून किती लांब आणि दुसऱ्यापासून किती लांब, ते बघतात. जे पहिल्याच्या जवळ आणि दुसऱ्यापासून दूर, तिथे पोहे खायला जातात. हेच अंतर तिकड्यांमध्ये मोजलं की झाली फझी टॉप्सिस. तालुक्याएवढ्या कामाला एक्सेलची एक शीट पुरते.

‘साधारण दोन कोटी’

पैशाच्या बाजूला याचा सगळ्यात सुंदर वापर १९७० सालचा आहे. रिचर्ड बेलमन आणि झादेह यांनी मिळून एक साधी गोष्ट मांडली : उद्दिष्ट आणि मर्यादा, दोघांना एकाच मापाने मोजा. ‘बरीच गावं सुरक्षित व्हावीत’ हे उद्दिष्ट. ‘खर्च साधारण दोन कोटींच्या आत राहावा’ ही मर्यादा. दोन्ही वाक्यं धूसर आहेत, मग दोघांनाही चढ-उतार द्या.

गावं ६ झाली तर समाधान ०, १२ झाली तर १. खर्च २ कोटींपर्यंत समाधान १, २.४ कोटींना ०. समोर तीन आराखडे आहेत. पहिला नेमका २ कोटींचा, गावं ८. खर्चाचं समाधान १, गावांचं ०.३३. दुसरा २.१५ कोटींचा, गावं १०. खर्चाचं ०.६२, गावांचं ०.६७. तिसरा २.३५ कोटींचा, गावं १२. खर्चाचं ०.१२, गावांचं पुरतं १. प्रत्येक आराखड्याची किंमत त्याच्या दुबळ्या बाजूइतकीच धरायची : ०.३३, ०.६२, ०.१२. दुसरा निवडा.

दोन कोटींची कडक रेघ आधी मारली असती तर दुसरा आराखडा टेबलावर आलाच नसता. १५ लाखांसाठी दोन गावं गेली असती आणि गेली हे कोणाला कळलंही नसतं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर कोषागार ‘साधारण’ हा शब्द ओळखत नाही. मंजूर रक्कम म्हणजे मंजूर रक्कम. त्यामुळे ही रीत बिलं काढताना कामाची नाही. ती मागणी तयार करताना कामाची, आणि वर्षअखेरीला एका कामाचे उरलेले पैसे दुसरीकडे वळवताना कामाची. मार्चमध्ये १५ लाख कुठे वळवायचे हे त्या वेळी सुचेल तसं ठरतं. डिसेंबरमध्येच हा तक्ता तयार असेल तर त्या १५ लाखांना दोन गावांची नावं असतात.

दुबळ्या बाजूचा नियम मला का आवडतो तेही सांगतो. वजनं लावून बेरीज करणाऱ्या रीतींमध्ये एक खोट आहे : स्वस्ताई आणि झटपट उरकणं यांचे गुण साठवून एखादं काम वर येतं, भले त्याने जीव एकही वाचत नसो. फलक लावणं, रॅली काढणं अशा कामांना यात हमखास भाव मिळतो. दुबळ्या बाजूला किंमत दिली की ही पळवाट बंद होते. बेरजेचीच रीत वापरायची असेल तर निदान ‘जीव वाचण्यात अमुक गुणांच्या खाली असलेलं काम यादीतच नाही’ अशी एक अट वर लिहून ठेवावी.

बाकी यात जादू काही नाही. वजनं कोण ठरवणार हा प्रश्न राजकारणाचा आहे आणि तो गणिताच्या आड लपवता येतो. चार दशांश स्थळांचा आकडा छापला की तक्ता शास्त्रीय दिसतो, म्हणून मी दशांशानंतर दोनच घरं लिहिली, खरं तर एकच पुरलं असतं. चांगला तक्ता ओळखायची एक युक्ती आहे : वजनं थोडी हलवून बघा. जीव वाचण्याचं वजन ०.५ वरून ०.४ केलं आणि यादीतलं पहिलं काम पहिलंच राहिलं, तर निर्णय टणक आहे. तेवढ्यात ते चौथ्यावर घसरलं, तर तक्ता बाजूला ठेवून पुन्हा बोलायला बसा.

आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे द्यायचा तर शब्दांच्या चढ-उतारांवर. सांगली जिल्ह्यातच पश्चिमेला शिराळा आहे, सह्याद्रीच्या कुशीतला, आणि पूर्वेला जत, कायम पाण्याची वाट बघणारा. दिवसाला ६५ मिलिमीटर हा आकडा दोन्हीकडे सारखाच लागू. शिराळ्याच्या डोंगरकाठी जुलैत तेवढा पडला तर माणसं रेनकोट घालून कामाला जातात. जतमध्ये तेवढा एका दिवसात पडला तर ओढ्याच्या पुलावरून एसटी जाईल का, हे आधी बघावं लागतं. ‘जोराचा पाऊस’ या दोन शब्दांची रेषा शिराळ्याला एका जागी चढायला लागते आणि जतला तिच्या बरीच आधी. ती नेमकी कुठून चढते हे मुंबईत बसून ठरवता येत नाही. जतच्या त्या पुलावर रोज एसटी घालणाऱ्या ड्रायव्हरला विचारावं लागतं, आणि तो मिलिमीटरमध्ये सांगणार नाही. तो सांगेल, ‘पुलाचा तिसरा कठडा बुडाला की मी थांबतो. दुसरा बुडाला की बघतो, कोण कोण बसलंय गाडीत.’